जिन्याखालचं एक्स्चेंज

गांडुळं पहिल्यांदा दिसली ती एका गुरुवारी, संध्याकाळी आठच्या सुमारास.

मी आणि सुजित वरच्या मजल्यावर आमच्या खोलीत गाण्याची स्पर्धा बघत होतो. चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी नुकतीच गाऊन थांबली होती, परीक्षक तिला गुण देणार होते, आणि तेवढ्यात मुलगीही गेली, परीक्षकही गेले. पडदाभर ओली काळी माती आली आणि तिच्यात वळवळणारी बोटभर लांबीची गांडुळं. गुलाबी फेटा बांधलेले एक गृहस्थ ओंजळ पुढे करून म्हणाले, "हात घालून बघा, कशी ऊब लागते."

"रिमोटवर बसलीस काय तू?" सुजितनं विचारलं.

"रिमोट तुझ्या हातात आहे."

त्यानं हाताकडे बघितलं. होता. त्यानं पुन्हा गाण्याचा चॅनेल लावला. मुलगी रडत होती. गुण किती पडले ते काही कळलं नाही. अर्ध्या मिनिटात ती परत मातीत गेली. पलीकडच्या खोलीतून माझ्या मोठ्या दिरांचा, रणजितदादांचा आवाज आला, "अरे शेवटची ओव्हर आहे, कोण खेळतंय?" आणि खाली हॉलमधून माझे सासरे, आबा, शांतपणे म्हणाले, "माझ्याकडंही तेच आहे."

तिसऱ्यांदा गांडुळं आली तेव्हा सगळं घर जिन्याखाली जमलं. दादा, त्यांची बायको शैलजाताई, त्यांची नऊ वर्षांची पूर्वा, आम्ही दोघं, आणि आबा. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, जिन्याखालच्या कपाटाचं जाळीचं दार उघडलं आणि आत डोकं घातलं.

या कपाटाविषयी सांगायला हवं.

आबांनी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. निवृत्त झाले तेव्हा ते एका एक्स्चेंजचे प्रमुख होते. त्यांच्या मते जगात नीट चालणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज. यंत्रं सगळी एका खोलीत, आणि माणसाच्या हातात फक्त रिसीव्हर. माणसाला आतलं काही कळता कामा नये. साताऱ्यातलं आमचं घर मात्र अगदी उलट होतं. तीन टीव्ही, तीन सेट-टॉप बॉक्स, गच्चीवरच्या छत्रीपासून खिडक्यांतून लोंबत आलेल्या तीन वायरी. पूर्वी असाच एक चौथा बॉक्सही होता, पाहुण्यांच्या खोलीत. त्याच्या उबेला एक पाल येऊन राहिली आणि दोघांचा शेवट एकाच दिवशी झाला. त्या दिवशी आबांनी ठरवलं की आता सगळे बॉक्स एका जागी आणायचे.

जागा त्यांनी हेरली ती जिन्याखालच्या कपाटाची. त्यात माझ्या सासूबाईंचे, आईंचे, पापडाचे, कुरडयांचे आणि शेवयांचे डबे होते. आबांनी त्यांना विचारलं, त्या "बरं" म्हणाल्या, आणि डबे स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेले. मग दोन आठवडे घरात ड्रिल मशीन चाललं. भिंतींना भोकं पडली, भोकांतून वायरी गेल्या. प्रत्येक टीव्हीखाली बोराएवढा एक काळा डोळा बसला. खोलीतला रिमोट त्या डोळ्याकडे धरला की सांगावा वायरीनं खाली कपाटात जायचा, बॉक्सला कळायचं, आणि चित्र वर यायचं.

एक अडचण होती. तिन्ही बॉक्स एकाच कंपनीचे, सख्ख्या भावांसारखे. एका रिमोटचं तिघंही ऐकायचे. पहिल्या दिवशी पूर्वानं कार्टून लावलं तेव्हा आबांच्या बातम्यांतल्या चर्चेत मधेच एक निळं मांजर आलं. आबांनी त्यावर उपाय काढला. प्लायवूडचे तुकडे कापून, त्यांना काळा कागद चिकटवून, प्रत्येक बॉक्सला त्यांनी स्वतंत्र खण केला. समोरून तेवढी जाळी, हवा जायला. आता आपल्या खोलीतून आलेला सांगावा ज्याचा त्यालाच ऐकू जायचा. दारावर त्यांनी पांढऱ्या रंगानं 'एक्स्चेंज' असं लिहिलं आणि खाली बारीक अक्षरांत 'परवानगीशिवाय उघडू नये'. सोमवारी हे सगळं सुरू झालं. तीन दिवस चोख चाललं. आणि गुरुवारी गांडुळं आली.

"वायर सैल असेल," दादा म्हणाले.

"सैल वायरीनं चित्र जातं. पाचशे पंचावन्न नंबरचा चॅनेल लागत नाही," आबा कपाटातून म्हणाले.

"मग?"

आबांनी डोकं बाहेर काढलं. थोडा वेळ त्यांनी जाळीच्या दाराकडे बघितलं, मग समोर बघितलं, मग चष्मा खाली घेतला. "बघायला लागेल," एवढंच म्हणाले.

"बघा निवांत," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाल्या. "पण सगळे खाली आलाच आहात तर ताटं घेते. भाकरी तव्यावर आहे."

नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बसलो. वांग्याचं भरीत होतं, वर कच्चं तेल आणि ठेचा. आईंच्या हातची भाकरी फुगून थेट ताटात येत होती आणि तिच्या पापुद्र्याखालून वाफ निघत होती. लग्न होऊन आठ महिने झाले होते मला, पण तशी गरम भाकरी त्या घरात मी पहिल्यांदाच खाल्ली असेन. एरवी आम्ही वरच ताटं न्यायचो, ज्याचा कार्यक्रम संपेल तसा तो यायचा, आणि जे काही असेल ते झाकणाखाली मऊ पडलेलं असायचं. त्या दिवशी दादा चार भाकरी खाऊन उठले. जेवताना बोलणं अर्थातच गांडुळांवर झालं. गांडुळाला पाच हृदयं असतात असं पूर्वानं सांगितलं. शाळेत शिकवलं होतं.

शुक्रवारी आठला पुन्हा तेच झालं. शनिवारी पुन्हा. रविवारी दादा घड्याळ घेऊनच बसले होते. आठ वाजून चार मिनिटांनी गुलाबी फेटेवाले आले, आणि दादा जिन्यावरून ओरडले, "आले."

घरात तर्कांना ऊत आला. दादांचा संशय शेजारच्या गुरवकाकांवर होता. त्यांच्याकडेही त्याच कंपनीचा बॉक्स होता आणि झाडांच्या पाल्यावरून त्यांचं आणि आबांचं वाजलेलं होतं. शैलजाताईंच्या मते हा सगळा खताच्या धंद्यातला प्रकार होता, बळंच बघायला लावायचा. सुजित एकदा हळूच म्हणाला की आबांनी केलेल्या जोडणीतच काहीतरी गोम असेल, आणि मग आबा मागेच उभे आहेत हे त्याला दिसलं.

"तो चौथ्या बॉक्सचा रिमोट कुठं आहे?" दादांनी विचारलं. "पालवाल्या?"

"टाकला तेव्हाच," आबा म्हणाले.

सोमवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. मुजावर नाव होतं त्याचं. त्यानं कपाट उघडलं आणि हातातली पिशवी खाली ठेवून नुसता बघत उभा राहिला. प्रत्येक वायरीला आबांनी नंबराची चिठ्ठी बांधली होती, वळणं सगळी एकसारखी, जशी शाळेतल्या मुलींच्या वेण्यांची.

"काका, हे कुणी केलं?"

"मी."

"आमच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा असं दाखवत नाहीत," मुजावर म्हणाला. आबांच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत मी न बघितलेलं काहीतरी आलं. म्हणजे मी त्या घरात आठच महिने होते, पण आधीचं एक वर्ष साखरपुडा वगैरे धरून बोलतेय.

मुजावरनं तासभर तपासलं. छत्री ठीक, वायरी ठीक, बॉक्स ठीक. जाताना म्हणाला, "बिघाड काहीच नाही. आपोआप असं होत नाही, काका." आबांनी त्याला बाहेरपर्यंत सोडलं. फाटकाशी दोघं बराच वेळ बोलत होते. परत आल्यावर दादांनी विचारलं, "काय म्हणाला?" तर आबा म्हणाले, "चहा छान होता म्हणाला."

दादांनी सूत्रं हातात घेतली ती त्याच संध्याकाळी. दादांचा स्वभाव तडीस नेण्याचा. त्यांनी मला बोलावलं.

"हर्षदा, तू पाळत ठेवायची."

"मी?"

"जिन्याजवळच्या न्हाणीघराच्या दाराला फट आहे. तिथनं कपाट दिसतं. आम्ही सगळे आपापल्या जागी बसतो, नेहमीसारखे. म्हणजे जो कोण आहे तो बेसावध राहील. गुरवकाका मागच्या खिडकीतनं हात घालतात असा माझा अंदाज आहे."

"दादा, गुरवकाका पंचाहत्तर वर्षांचे आहेत."

"म्हणूनच हात घालतात. आत येता येत नाही."

मला नाही म्हणता आलं नाही. एक तर नवीन सून, आणि दुसरं म्हणजे मला खरंच बघायचं होतं. पावणेआठला मी न्हाणीघरात शिरले, बादली पालथी घालून तिच्यावर बसले, आणि फटीला डोळा लावला. समोर कपाट. उजवीकडे हॉलकडे जाणारा बोळ, डावीकडे स्वयंपाकघराचं दार. हॉलमधून बातम्यांतलं भांडण ऐकू येत होतं आणि स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज, थप थप थप, मधे थांबून पुन्हा थप थप.

आठला दोन मिनिटं होती. थापणं थांबलं. आई बाहेर आल्या.

पिठाचा हात पदराला पुसत त्या जिन्यापाशी गेल्या आणि वर तोंड करून हाक मारली, "रणजित, जेवायला चला रे."

"आलो," वरून आवाज आला.

"सुजित."

"आलो आलो."

"शैलजा, पूर्वा."

"हो आई, पाचच मिनिटं."

त्या हॉलच्या बाजूला वळल्या. "अहो, पान वाढू का?"

"हं," आबा म्हणाले.

त्या थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं नाही. मग त्या आत गेल्या, पोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं उलगडलं. आत चौथ्या बॉक्सचा रिमोट होता.

आई कपाटासमोर सरळ उभ्या राहिल्या, देवापुढे उभं राहतात तशा. रिमोट जाळीवर धरला. अंगठा चाचपडला, सापडला, आणि त्यांनी एकच बटण तीनदा दाबलं. हॉलमधलं भांडण तुटलं. "हात घालून बघा," गुलाबी फेटेवाले म्हणाले, वर दोनदा आणि खाली एकदा.

आई आत गेल्या. भाकरी उलटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या, तीनदा दाबलं. आत गेल्या, भाकरी विस्तवावर धरली असावी, वास आला. बाहेर आल्या, तीनदा दाबलं. आणि रिमोट फडक्यात गुंडाळताना त्यांची नजर न्हाणीघराच्या फटीवर गेली.

मी डोळा काढला नाही. काढून उपयोग नव्हता.

"हर्षदा?"

"हो आई."

"बघितलंस?"

"हो."

वरची दारं उघडली. जिन्यावर पावलं वाजायला लागली. आईंनी रिमोट पदराखाली घेतला.

"मग ये बाहेर," त्या म्हणाल्या, "आणि ताटं घे."

मी बाहेर आले आणि ताटं घेतली. दादा तीन-तीन पायऱ्या उतरत आले. "कोण होतं?"

मी भात वाढत होते. त्या घरात तोपर्यंत मी कुणाशी खोटं बोलले नव्हते. "कुणीच आलं नाही," मी म्हणाले.

"कुणीच नाही?"

"गुरवकाकाही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे कामाला गेलेले आणि आबा झोपलेले असताना, आईंनी मला लसूण सोलायला बसवलं. मी वाट बघत होते. चार-पाच गड्डे झाले तरी त्या काही बोलेनात, तेव्हा मीच विचारलं.

"आई, गांडुळंच का?"

"मला काय माहीत काय लागतं ते. मी कुठं टीव्ही बघायला असते? पाचाच्या बटणावर ठिपका असतो. चष्म्याशिवाय सापडतो."

"आणि हे सुचलं कसं?"

"मांजराच्या दिवशी." त्यांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. "पूर्वाच्या मांजरानं ह्यांच्या बातम्यांत तोंड घातलं, आणि पहिल्या झटक्याला सगळे खाली. पाच मिनिटांत. ह्यांनी मग ते खण केले. पण मी दारात उभी राहून बघत होते, समोरनं जाळीच होती. म्हटलं, समोरनं तिघांनाही ऐकू जाईल."

मी सोलायची थांबले. घरातल्या दोन पदवीधरांना आणि कंपनीच्या माणसाला जे सुचलं नाही असं मी समजत होते ते हे असं होतं.

"चार हाका मारते गं रोज," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जण आलो म्हणतो. आलो म्हणायला काही लागत नाही. मग मी एकेकाचं गरम करत बसते, साडेदहापर्यंत. आणि शेवटी मी जेवते तेव्हा ओट्यापाशी उभ्यानं, कोण बसणार एकटं टेबलाशी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पुढच्या आठवड्यात वरच्या किचनला मिस्त्री येणार ना?"

शैलजाताईंच्या खोलीमागच्या गॅलरीत ओटा आणि सिंक बसवायचं ठरलं होतं. वरचे वर, खालचे खाली, कुणाला कुणाचा त्रास नको. हा विचार शैलजाताईंचा असला तरी मी आणि सुजितनं लगेच होकार दिला होता. मला ताटं वर नेण्याचा आणि खरकटी खाली आणण्याचा कंटाळा आला होता. आईंना विचारलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या होत्या.

"हो," मी म्हणाले.

"म्हटलं, तोवर चार दिवस तरी बसू एकत्र." त्या उठल्या. "ह्यांना सांगू नकोस. त्या कपाटावर फार जीव आहे त्यांचा. बायकोनंच असं केलं म्हटल्यावर काय वाटेल?"

मी नाही सांगणार म्हणाले.

पण माझ्या खोटं बोलण्याचा परिणाम वेगळाच झाला. बाहेरचं कुणी नाही म्हणजे दोष आतलाच, असं दादांनी काढलं. बुधवारी संध्याकाळी, सहा-सव्वासहाला, त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. ते अगदी सौम्यपणे बोलत होते, आणि त्यामुळे ते जास्तच वाईट वाटत होतं.

"आबा, तुम्ही मेहनत केली, ते सगळं मान्य आहे. पण पूर्वीचं बरं होतं. उद्या मी मुजावरला बोलावतो, बॉक्स परत वर घेऊ. आईचं कपाट आईला मिळेल."

आबा खुर्चीत बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आईंकडे बघितलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा रंग उतरला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"अहो, ते मी..."

"थांब," आबा म्हणाले. आईंना ते कधी असं तोडून बोलत नसत. मग ते दादांकडे वळले. "दोष माझ्या जोडणीतच आहे."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"चौतीस वर्षांत माझ्या एक्स्चेंजला असा दोष राहिला नाही. पण आता राहिलाय. वयानं होतं. नजर पहिल्यासारखी नाही. मला एक महिना द्या. मी शोधून काढतो. नाहीच सापडला तर मीच माझ्या हातानं सगळं काढेन."

आबांनी स्वतःच्या नजरेचा दोष काढलेला दादांनी कधी ऐकला नव्हता. मोबाईलवरची बारीक अक्षरं आबा अजून सगळ्यांना वाचून दाखवायचे. "महिना कशाला, हवा तेवढा वेळ घ्या," दादा पुटपुटले आणि वर गेले.

आई स्वयंपाकघरात आल्या आणि परातीपुढे बसल्या. बराच वेळ पीठ मळत होत्या. लागेल त्याच्या दुप्पट मळलं असेल.

"आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

"आई..."

"नको. पोरांपुढं त्यांना खाली मान घालायला लागली माझ्यापायी. एकदा ते एक्स्चेंजला असताना मोठे साहेब आले होते तपासायला, तेव्हासुद्धा घातली नव्हती." त्यांनी पोळ्यांच्या डब्यातून ते फडकं काढलं आणि रिमोटसकट माझ्या हातात दिलं. "माळ्यावर ठेव. शेवयांच्या डब्यामागं. मला दिसायला नको."

मी स्टुलावर चढून ठेवला.

आठ वाजले. आईंनी हाका मारल्या. दादा आलो म्हणाले. सुजित आलो आलो म्हणाला. शैलजाताईंना पाच मिनिटं हवी होती. हॉलमधून आबा हं म्हणाले. आई परत येऊन तव्यापुढे बसल्या. पहिली भाकरी झाली, ती टोपलीत गेली. दुसरी तिच्यावर गेली. तिसरी झाली तेव्हा पहिलीचा फुगवटा पुरता बसला होता. मी पाण्याचे पेले भरून ठेवले होते, सहा मोठे आणि पूर्वाचा एक छोटा, आणि टेबलाशी कुणी नव्हतं. एकदा मला वाटलं आपणच वर जाऊन ओरडावं, पण काय म्हणून ओरडणार?

आठ वाजून दहा मिनिटं झाली असतील. आईंचे दोन्ही हात पिठात होते. माझ्या हातात ताट होतं. आणि वरून, एकदम दोन खोल्यांतून, गुलाबी फेटेवाल्यांचा आवाज आला.

"हात घालून बघा, कशी ऊब लागते."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी माळ्याकडे बघितलं. शेवयांचा डबा होता तिथंच होता.

आम्ही दोघी दारापर्यंत गेलो.

कपाटासमोर आबा उभे होते. चष्मा कपाळावर, हॉलमधला रिमोट हातभर लांब धरलेला, डोळे बारीक केलेले. आईंसारखं त्यांना चाचपून जमत नव्हतं. त्यांनी रिमोट जवळ आणून आकडा शोधला, मग पुन्हा लांब धरून दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दाबताना त्यांना आम्ही दिसलो.

वर दादांनी चॅनेल बदलला. आबांनी पुन्हा सावकाश तीनदा दाबलं.

"अहो," आई म्हणाल्या.

"भाकरी गार होतायत का?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तीन खणांतले तीन बॉक्स एकदम बदलायचे तर दारासमोरच उभं राहायला लागतं." ते हळू बोलत होते, वर ऐकू जाणार नाही इतपत. "आणि आठ वाजता ह्या दारासमोर कोण असतं, ते मला चाळीस वर्षं माहीत आहे. त्या मुजावरलाही कळलं होतं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं."

"मग बोलला का नाही?"

आबांनी पुन्हा तीनदा दाबलं. वर पूर्वा हसली आणि दाराची कडी वाजली.

"भरीत चांगलं झालं होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "एकत्र बसलो होतो. मला वाटलं, अजून एक दिवस होऊ दे. मग वाटलं, अजून एक." त्यांनी चष्मा खाली घेतला. "आज आठ वाजून गेले तरी तू इथं कपाटाशी आली नाहीस, म्हटलं बरं नाही की काय."

आईंच्या हाताचं पीठ सुकून भेगाळत होतं. पदराच्या टोकानं त्यांनी कपाटाच्या जाळीवरचा पिठाचा एक ठिपका पुसला, तो बहुधा कालचा त्यांचाच होता, आणि आत जाऊन त्या तव्यापुढे बसल्या. भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला. नेहमीपेक्षा जोरात.

दादा जिन्याच्या वळणावर आले. त्यांनी आबांना कपाटापाशी बघितलं आणि त्यांचा आवाज मऊ पडला. "झालं का पुन्हा?"

"झालं," आबा म्हणाले. रिमोट त्यांनी पाठीमागे धरला होता. तो मी मागून काढून घेतला. "आज जरा जास्तच दिसतंय. जेवून घेऊ, मग बघतो."

दादा आले, सुजित आला, शैलजाताई आणि पूर्वा आल्या. आबांनी आईंची खुर्ची ओढून ठेवली. "शेवटच्या दोन भाकरी हर्षदा करेल," ते म्हणाले. "तू बस." आई बसल्या. माझ्या दोन्ही भाकरी साताऱ्याच्या नकाशासारख्या झाल्या होत्या आणि आबांनी त्या दोन्ही मागून घेतल्या.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री आला, मापं घेऊन गेला. वरचं किचन दोन वर्षांनी झालं. त्यात सकाळचा चहा होतो आणि पूर्वा परीक्षेच्या दिवसांत मॅगी करते, त्यापलीकडे त्याचा ओटा फारसा ओला झाल्याचं मला आठवत नाही.

आबांनी मागितलेला महिना संपला. त्यांनी आणखी एक मागितला. मग कुणी विचारायचं सोडून दिलं. रोज आठला गांडुळं यायची, आम्ही खाली यायचो, आबा कपाटात डोकं घालून दोन मिनिटं काहीतरी तपासायचे आणि हात धुऊन टेबलाशी बसायचे. एकदा पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? तर दादांनी अगदी सरावानं सांगितलं, "आमच्याकडं एक जुना फॉल्ट आहे. आबा बघतायत."

अकरा वर्षं झाली. आबा अजून बघतायत.